आगगाडींतील राखीव जागा आणि पांच गणकघरें

सन १९८५ पूर्वीं मुंबईहून दिल्लीस, मद्रासेस किंवा कलकत्त्यास जाऊं इच्छिणाऱ्या गृहस्थास त्या प्रवासाआधीं दुसरा एक प्रवास करावा लागे. तो म्हणजे आरक्षण-कचेरीपर्यंतचा. सुटीच्या हंगामांत लोक पहाटेच तेथें जाऊन रांग धरीत. कित्येक तर आदल्या रात्रीं येऊन पथारी पसरीत. खिडक्यांची वाण नव्हती. परंतु प्रत्येक खिडकी कांहीं ठरलेल्या गाड्यांचीच असे. एका खिडकीपुढें माणसांची रीघ लागली आहे आणि शेजारच्या खिडकींतला कारकून स्वस्थ बसला आहे, असा देखावा नित्याचा होता. दोष त्या कारकुनाचा नव्हे. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक तारखेची नोंद निराळ्या वहींत असे, आणि एक वही एका वेळीं एकाच माणसाच्या हाताखालीं असूं शकते.

ह्या साध्या गोष्टींतच पुढल्या सर्व इतिहासाचें बीज आहे. गिऱ्हाइकी वाढली म्हणजे दुकानदार दुसरा नोकर ठेवतो. मुलें वाढलीं म्हणजे शाळा दुसरी तुकडी काढते. रेल्वेस तें शक्य नव्हतें. कारकून वाढवितां येत होते, खिडक्या वाढवितां येत होत्या; वही मात्र वाटून देतां येत नव्हती. निरनिराळ्या स्थानकांस जागांचे वाटे ठरवून देऊन कांहीं अंशीं तसें केलेंहि जाई. पण मग एका वहींत जागा रिकाम्या राहत आणि दुसऱ्या वहीपुढून लोक विन्मुख परतत. देशाची लोकसंख्या १९५१ सालीं ३६ कोटी होती, ती १९८१ सालीं ६८ कोटींवर गेली. वही तीच राहिली. तिकीटहि तेंच राहिलें. थॉमस एडमंडसन नांवाच्या इंग्रज स्टेशन-कारकुनानें १८४० च्या सुमारास प्रचारांत आणलेलें, जाड पुठ्ठ्याचें, क्रमांक छापलेलें.

वहीचा आणखी एक गुण म्हणावा कीं अवगुण, तो असा कीं तींत काय लिहिलें आहे हें फक्त लिहिणारासच दिसे. "जागा नाहीं" ह्या उत्तराचा पडताळा पाहण्याचें कोणतेंहि साधन बाहेरच्या माणसापाशीं नव्हतें. खिडकीवर न मिळालेली जागा आवाराबाहेरच्या दलालाकडे चार पैसे अधिक टाकल्यास मिळे, हें सर्वांस ठाऊक होतें. परतीच्या प्रवासाची कथा तर याहून बिकट. मुंबईकर दिल्लीस पोंचल्यावर दिल्लीच्या रांगेंत उभा राही. नाहीं तर निघण्यापूर्वीं रेल्वेच्या तारेनें जागेची मागणी पाठवी आणि उत्तराची वाट पाहत बसे. उत्तर कधीं येई, कधीं न येई. लग्नकार्यास निघालेल्या कुटुंबास जावयाचें माहीत, यावयाचें माहीत नाहीं, अशा स्थितींत घर सोडावें लागे.

गणकयंत्रें रेल्वेस अगदींच नवीं होतीं असें नव्हे. १९६० नंतरच्या दशकांत आय. बी. एम. ह्या अमेरिकन कंपनीचीं १४०१ क्रमांकाचीं यंत्रें रेल्वेच्या निरनिराळ्या विभागांत भाड्यानें आणून बसविलीं होतीं. तीं पगारपत्रकें करीत, मालवाहतुकीचे हिशेब करीत, आंकडेवारी तयार करीत. परंतु हें सारें होऊन गेलेल्या व्यवहारांचें गणित होतें. तें आज झालें काय आणि दोन दिवसांनीं झालें काय, कोणाचें अडत नसे. आरक्षणाची गोष्ट वेगळी. तेथें मनुष्य खिडकीशीं उभा असतांनाच उत्तर द्यावयाचें असतें. आणि एकच जागा दोघांनीं एका क्षणीं मागितली, तर ती एकाच्या नांवें लावून दुसऱ्यास तत्काळ नकार द्यावयाचा असतो. येथें यंत्र हिशेबनीस राहत नाहीं, तें स्वतःच वही होतें.

अमेरिकेंतील एका विमान-कंपनीनें आय. बी. एम.च्या साहाय्यानें अशी व्यवस्था १९६४ च्या सुमारास पुरी केली होती; 'सेबर' हें तिचें नांव. तिचा कित्ता आपण कां गिरविला नाहीं, असा प्रश्न पुष्कळदां विचारला जातो. त्याचें उत्तर आगगाडीच्या स्वरूपांत आहे. विमान एका ठिकाणीं उडतें आणि बहुधा दुसऱ्या ठिकाणीं उतरून मोकळें होतें. मुंबईहून नागपूरमार्गें कलकत्त्यास जाणारी गाडी कल्याण, नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असे मुक्काम घेत जाते. एकच जागा मुंबई ते भुसावळ एकास आणि भुसावळपासून पुढें दुसऱ्यास विकतां येते; विकली नाहीं तर ती अर्धी वाट रिकामी धांवते. त्यांत वर्ग अनेक, डब्यांचे प्रकार अनेक. स्त्रियांसाठीं, सैनिकांसाठीं, परदेशी प्रवाशांसाठीं, मधल्या स्थानकांसाठीं राखून ठेवलेल्या जागा निराळ्या. वृद्ध, विद्यार्थी, रुग्ण, खेळाडू यांस मिळणाऱ्या सवलती आणखी निराळ्या. जुना कारकून हे सर्व नियम तोंडपाठ जाणत असे, आणि जेथें नियम गप्प असे तेथें तो स्वतःच्या तारतम्यानें वागे. यंत्रापाशीं तारतम्य नाहीं. त्याला प्रत्येक नियम, त्याचा अपवाद आणि अपवादाचा अपवाद अक्षरशः लिहून द्यावा लागतो. यंत्र विकत आणणें हा ह्या कामाचा सोपा भाग होता. शतकभर सांचलेले नियम सुसंगत रीतीनें लिहून काढणें हा खरा कठीण भाग.

आरक्षण यंत्राकडे सोंपविण्याच्या विचारास मधु दंडवते ह्यांच्या कारकीर्दींत, १९७७ ते १९७९ ह्या काळांत, चालना मिळाली. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घालणारे मंत्री म्हणून दंडवते लोकांच्या स्मरणांत आहेत. ह्या दुसऱ्या कामांतील त्यांचा वांटा त्या मानानें कमी सांगितला जातो. त्याच सुमारास, १९७८ सालीं, आय. बी. एम.नें भारतांतील आपला व्यवहार आवरता घेतला. तिच्या मागें राहिलेल्या यंत्रांची निगा राखण्याचें काम सी. एम. सी. ह्या सरकारी कंपनीकडे आलें. दुरुस्तीसाठीं १९७५ सालीं स्थापन झालेल्या ह्या संस्थेच्या अभियंत्यांनीं पुढें स्वतः नव्या योजना रचण्यास आरंभ केला, आणि रेल्वेचें काम त्यांच्याकडे आलें. १९८४ च्या अखेरीस ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे रेल्वेचे राज्यमंत्री झाले. त्यांच्या आस्थेमुळें कामास गति आली, हें नि:संशय.

आतां योजनाकारांपुढें जो मुख्य प्रश्न होता, तो नीट समजून घेतला पाहिजे. देशांतील सर्व गाड्यांची वही एकाच यंत्रांत ठेवावयाची कीं अनेक यंत्रांत? कागदावर पहिला मार्ग सरळ दिसतो. दिल्लीस एक प्रचंड यंत्र बसवावें आणि सर्व शहरांतील खिडक्या तारांनीं त्यास जोडाव्या. कोठूनहि कोठलेंहि तिकीट मिळेल. परंतु त्या काळच्या तारांची स्थिति आठवावी. घरच्या टेलिफोनसाठीं नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें थांबत, आणि आलेला टेलिफोन पावसाळ्यांत मुका होई. अशा तारांवर साऱ्या देशाचें आरक्षण टांगून ठेवणें म्हणजे एक तार तुटली कीं मुंबईच्या सर्व खिडक्या बंद. योजनाकारांनीं तसें केलें नाहीं. प्रत्येक मोठ्या केंद्रासाठीं स्वतंत्र गणकघर उभारावें, त्या त्या बाजूच्या गाड्यांची वही त्या त्या घरांत ठेवावी, आणि सर्व घरांची रचना मात्र एकाच नमुन्याची असावी, असा मार्ग त्यांनीं पतकरला. पुढें पंधरा वर्षांनीं टेलिफोनची स्थिति पालटल्यावर ह्या निर्णयास कोणी कोणी अदूरदृष्टि म्हणूं लागले. तें योग्य नाहीं. ज्या देशांत पूल नाहींत तेथें प्रत्येक तीरावर बाजार भरवावा लागतो.

आरंभ दिल्लीस झाला. १५ नोव्हेंबर १९८५ रोजीं तेथें 'इम्प्रेस' ह्या नांवाची व्यवस्था सुरू झाली. डिजिटल इक्विपमेंट ह्या अमेरिकन कंपनीचीं व्हॅक्स जातीचीं यंत्रें, सी. एम. सी.नें रेल्वेच्या सहकार्यानें लिहिलेली आज्ञावली, आणि खिडकीमागें वहीच्या जागीं पडदा व टंकफलक. नांवाच्या इंग्रजी अद्याक्षरांचा अर्थ अनेक गाड्यांचें एकत्र आरक्षण असा होता, आणि खरी क्रांति त्या 'एकत्र' शब्दांत होती. कोणत्याहि खिडकीवर त्या केंद्रांतील कोणतीहि गाडी. एका क्षणांत सर्व रांगा एक झाल्या. आतां गर्दी वाढली तर आणखी एक पडदा आणून जोडावा आणि नवी खिडकी उघडावी. वहीचा अडथळा उरला नव्हता. तक्ते छापण्याचें आणि दिवसाच्या जमेचा हिशेब लावण्याचें काम यंत्रच करूं लागलें. तिकिटावर नांव, वय, डबा आणि जागा स्वच्छ अक्षरांत छापून येऊं लागलीं.

कारकुनांच्या मनांत भीति होती आणि ती निराधार नव्हती. १९६० नंतरच्या दशकांत आयुर्विमा महामंडळानें कलकत्त्यास गणकयंत्र आणण्याचें ठरविलें, तेव्हां तेथील कर्मचाऱ्यांनीं त्यास दीर्घकाळ कडवा विरोध केला होता. यंत्र आलें कीं नोकरी गेली, हें समीकरण सर्वत्र बोललें जाई. रेल्वेच्या खिडक्यांवर तसें झालें नाहीं. कारकून खिडकीमागेंच राहिला; त्याच्या पुढची वही तेवढी गेली. मात्र वहीबरोबर त्याचा अधिकारहि बराचसा गेला, हें सांगितलें पाहिजे. "जागा नाहीं" म्हणण्याचा हक्क आतां यंत्राचा झाला, आणि पुढें पुढें तर जागांची स्थिति बाहेरच्या फलकावर प्रवाशासहि दिसूं लागली. त्यानें पुष्कळ प्रामाणिक कारकुनांस उलट हायसें वाटलें असेल; रोजचा संशय डोक्यावरून उतरला.

१९८७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें ह्याच नमुन्याचीं गणकघरें उघडलीं, आणि पांचवें सिकंदराबादेस उभें राहिलें. प्रत्येक केंद्र आपल्या परीनें उत्तम चाले. पण पांचहि बेटें होतीं. मुंबईच्या यंत्रास दिल्लीहून सुटणाऱ्या गाडीची वार्ता नसे. दुसऱ्या केंद्राचा एखादा पडदा स्वतंत्र तारेनें आणून वेगळ्या खिडकींत बसवावा, असे उपाय योजिले गेले, म्हणजे खिडक्यांचा जुना भेद पुन्हां मागील दारानें आंत आला. परतीच्या जागेची चिंता मिटावयाची ती अर्धीच मिटली.

ह्या वेळीं पहिल्या योजनेंतील एक शहाणपण उपयोगी पडलें. सर्व घरें एका नमुन्याचीं असल्यामुळें तीं जोडणें शक्य होतें. रेल्वेनें १९८६ सालीं आपल्या गणकविषयक कामांसाठीं 'क्रिस' ही स्वतंत्र संस्था दिल्लीस स्थापन केली होती. तिच्या तंत्रज्ञांनीं आज्ञावली नव्यानें रचून तिला 'कॉन्सर्ट' हें नांव दिलें. ती प्रथम सिकंदराबादेस १९९४ सालीं चालूं झाली. मग एकेक करून इतर केंद्रें तिजवर आलीं, आणि एप्रिल १९९९ मध्यें पांचहि घरें परस्परांशीं जोडलीं गेलीं. एवढें अवाढव्य काम रोजचें आरक्षण न थांबवितां करावयाचें होतें. चालत्या गाडीचीं चाकें बदलण्यासारखाच तो प्रकार.

जोडणीची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. पांच वह्या फाडून एक मोठी वही केली नाहीं. प्रत्येक गाडीची वही पूर्वीप्रमाणेंच एका घरांत राहिली. मुंबईच्या खिडकीवर कोणी दिल्लीहून निघणाऱ्या गाडीची जागा मागितली, कीं मुंबईचें यंत्र ती मागणी दिल्लीच्या यंत्राकडे पाठवितें, आणि उत्तर तेथून येतें. जागा देणारा धनी एकच असल्यामुळें एक जागा दोघांस विकली जाण्याचा संभव उरत नाहीं, आणि सर्व भार एका यंत्रावर पडत नाहीं. तिकिटावर जो दहा आंकडी क्रमांक असतो, त्याच्या आरंभींचे आंकडे कोणत्या घरानें तो दिला हें सांगतात. मुंबईच्या क्रमांकाचा आरंभ सहसा ८ नें, दिल्लीच्या क्रमांकाचा २ नें होतो. तिकीट हातीं घेणाऱ्या बहुतेकांस ह्याची कल्पनाहि नसते.

येथपर्यंत योजनाकारांस एक गोष्ट नेहमीं माहीत असे. देशांत एकूण खिडक्या किती, आणि एका खिडकीवर तासास माणसें किती. म्हणजे यंत्रावर अधिकांत अधिक भार किती येईल, हें बोटांवर मोजतां येई. ३ ऑगस्ट २००२ रोजीं रेल्वेच्या खानपान व पर्यटन महामंडळानें इंटरनेटवरून तिकिटें देण्यास आरंभ केला आणि हें गणित कायमचें मोडलें. प्रथम प्रथम तिकीट टपालवाल्याप्रमाणें माणूस घरीं आणून देई. २००५ पासून तें घरींच कागदावर छापतां येऊं लागलें. मग प्रत्येक घरांतील संगणक ही एक खिडकी झाली, आणि थोड्याच वर्षांत प्रत्येक खिशांतील टेलिफोन. आज दहांपैकी आठांहून अधिक राखीव तिकिटें ह्याच मार्गानें निघतात.

त्यांतच 'तत्काळ' योजना आली होती. १९९७ च्या अखेरीस ती सुरू झाली तेव्हां अकस्मात् निघणाऱ्या प्रवाशाची सोय एवढाच तिचा हेतु. परंतु अमुक वाजतां अमुक जागा खुल्या होणार असा नियम केला, म्हणजे साऱ्या देशाची मागणी त्या एका मिनिटावर येऊन आदळते. २०१२ पासून ती वेळ सकाळीं १० ची झाली. दहाच्या ठोक्यास पडद्यावर एक चक्र फिरत राही, आणि तें थांबेपर्यंत जागा संपलेल्या असत. हा अनुभव न घेतलेलें शहरी कुटुंब विरळा. दिवसभराच्या सरासरीस पुरून उरणारें यंत्र त्या दहा मिनिटांत गुडघे टेकी.

ह्यावर दोन तऱ्हांचे उपाय झाले. एक यंत्रांचा. २०१४ सालीं नवी व्यवस्था बसवून इंटरनेटवरील क्षमता मिनिटास २,००० तिकिटांवरून ७,२०० वर नेल्याचें रेल्वेनें जाहीर केलें. दुसरा उपाय जून २०१५ मधील. त्यास खर्च जवळजवळ कांहींच नाहीं. वातानुकूलित वर्गाचें तत्काळ आरक्षण दहालाच ठेवून इतर वर्गांचें अकराला नेलें. एका लाटेच्या दोन लाटा झाल्या. कोट्यवधि रुपयांचीं यंत्रें जें करतात, त्यांतलें पुष्कळसें घड्याळाचा कांटा एक तास पुढें सरकवून साधलें, ही युक्ति इतिहासांत नोंदून ठेवण्याजोगी आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, तिचेंहि नातें ह्याच जातीच्या विचाराशीं आहे. चार महिने आधीं घेतलेलीं आणि पुढें रद्द केलेलीं तिकिटें यंत्रास दोनदां राबवीत असत.

पुढें क्षमता वाढतच गेली. २२ मे २०२५ रोजीं सकाळीं दहाच्या मिनिटांत ३१,८१४ तिकिटें निघालीं. एका मिनिटांतला तोंवरचा तो उच्चांक. म्हणजे २०१४ पूर्वींच्या मानानें सोळापट गति झाली. ह्याच काळांत शयनयान डब्यांतील जागा जुन्या बनावटीच्या डब्यांत ७२ होत्या, त्या नव्या बनावटीच्या डब्यांत ८० झाल्या. गाड्या वाढल्या, डबे वाढले, हें खरें. पण सोळापट नव्हे. मुंबईच्या चाकरमान्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. कोंकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्यें संपूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि गणपतीस गांवीं जाण्याची त्याची सोय झाली. गणेशोत्सवाच्या दिवसांचें आरक्षण उघडलें कीं कांहीं मिनिटांत प्रतीक्षा-यादी लागते. पूर्वीं तो रात्रभर फरशीवर बसून पहाटे खिडकीशीं पोंचे. पुढें कोण, मागें कोण हें त्यास डोळ्यांनीं दिसे, आणि मध्यें घुसणाऱ्याशीं तो भांडूं शके. आतांची रांग अदृश्य आहे. तींत आपल्यापुढें माणूस उभा आहे कीं माणसाचें सोंग घेतलेली आज्ञावली, हें त्यास कळत नाहीं.

हा संशय कल्पित नव्हता. तत्काळ आरक्षण उघडल्यानंतरच्या पहिल्या पांच मिनिटांत प्रवेशाच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न अशा स्वयंचलित आज्ञावलींचे असतात, असें रेल्वे मंत्रालयानेंच जून २०२५ मध्यें सांगितलें. आवाराबाहेरचा दलाल नाहींसा झाला नव्हता. त्यानेंहि यंत्र घेतलें होतें. जो वर्ग जलद तारांचा आणि जलद बोटांचा, त्यास जागा मिळे. ज्याच्यापाशीं दोन्ही नाहीं तो खिडकीवर जाई आणि तेथेंहि त्याच मिनिटाच्या शर्यतींत मागें पडे. मग अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खातीं बंद करण्यांत आलीं. १ जुलै २०२५ पासून इंटरनेटवर तत्काळ तिकीट काढणाऱ्यास आधार क्रमांकाची पडताळणी बंधनकारक झाली, आणि अधिकृत दलालांस पहिला अर्धा तास मज्जाव करण्यांत आला.

त्याच उन्हाळ्यांत मंत्रालयानें नव्या आरक्षण-व्यवस्थेची घोषणा केली. मिनिटास ३२ हजारांच्या जागीं दीड लाख तिकिटें, आणि मिनिटास ४ लाखांच्या जागीं ४० लाख चौकशा, अशी तिची क्षमता असावी, असें त्या घोषणेंत म्हटलें होतें. चौकशा तिकिटांच्या सत्तावीसपट धरल्या आहेत, ह्याचा अर्थ उघड आहे: पुष्कळ लोक पुनःपुन्हां विचारणार, आणि त्यांतल्या थोड्यांसच जागा मिळणार.